कोरड्या पात्रातली सतरंजी

“परत चालली बघ.”

आई हे मावशीला म्हणाली. आवाज लहानच होता, पण न्हाणीघराच्या दारापर्यंत पोचेल एवढा होता. आतून कडी लागली आणि नळ सुटला, मोठा. वहिनी नेहमी आधी नळ सोडायची, बाहेर दुसरं काही ऐकू जाऊ नये म्हणून. मी ओट्यापाशी चहा गाळत होते. नळ बंद होईपर्यंत त्या दोघी बहिणी दाराकडे कान लावून बसल्या. वहिनी ओढणी सावरत बाहेर आली, तेव्हा मावशी तिच्याकडे न बघता सुपारी कातरत म्हणाली, “जाय माय, जाय. आता कोण उभं राहणार हाय तुझ्यासाठी?”

वहिनीने माझ्या हातातून चहाचा ट्रे घेतला आणि दोघींपुढे ठेवला. स्वतःला कप घेतला नाही. चहा तिने सोडला होता. पाणीही तिने सोडत आणलं होतं, पण ते माझ्या लक्षात बरंच नंतर आलं.

माझा दादा, म्हणजे तिचा नवरा, जाऊन तेव्हा पाचसहा महिने झाले असतील. आई, पप्पा, दादा आणि वहिनी असे चौघे चारधामला गेले होते. परत तिघे आले. दादाची मुलगी लहान म्हणून माझ्याजवळ जालन्यातच ठेवलेली होती. ती दारात उभी राहून गाडीतून उतरणाऱ्या माणसांकडे बघत होती, आणि सगळे उतरून झाल्यावरही गाडीच्या दाराकडेच बघत राहिली.

आमच्या जिल्ह्यात डोंगर नाहीत. भोकरदनच्या वरच्या अंगाला अजिंठ्याच्या रांगेची शेपटी येते, ती सोडली तर नजर जाईल तिथपर्यंत सपाटी. अशा ठिकाणची मी, इंग्रजी शाळेत शिकले, मग स्थापत्य अभियांत्रिकी केलं, आणि नंतर उत्तरेत एका पहाडी गावात राहून डोंगरउतारांचा अभ्यास केला. उतार कशाच्या जोरावर उभा असतो आणि कधी सुटतो, हा माझा विषय. दादा पाहुण्यांना सांगायचा, “आमच्याकडं टेकडी न्हाई, अन् आमची शहाणी डोंगर पडायचं शिकून राह्यली.” पण पहिल्यांदा मला तिथे पोचवायला तोच आला होता. घाटातल्या वळणांवर ओकून ओकून पिवळा पडला होता, आणि तरी उतरल्यावर माझी बॅग त्यानेच उचलली.

परत आल्यावर मी रस्त्यांच्या कामासाठी माती तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत लागले. काळी माती, मुरूम, भराव. दिवसभर कुणाशी फार बोलावं लागत नाही, हे मला बरं वाटायचं. घरी मात्र लोक येत होते. दादाच्या दुःखाला यायचे आणि आई त्यांना ती गोष्ट सांगायची.

तिने ती इतक्या वेळा सांगितली की कुठे थांबायचं, कुठे डोळ्याला पदर लावायचा, हे ठरून गेलं होतं. मी चहा देताना, कप उचलताना, दारामागे उभी राहून ती ऐकत आले. एका धामाहून दुसऱ्या धामाला जाताना दुपार झाली. ड्रायव्हर म्हणाला, पुढे ढाबा आहे. आई म्हणाली, आमच्याजवळ दशम्या आहेत, ढाबा कशाला. रस्त्याला एक नाला आडवा जात होता, वर छोटा पूल. ड्रायव्हरने पुलाच्या अलीकडे गाडी उभी केली. पात्र रुंद होतं, पांढऱ्या गोट्यांचं, आणि मधून पोटरीएवढं पाणी जोरात वाहत होतं. वर शिखरांकडे ढग होते, पण खाली लख्ख ऊन. म्हणून ही मंडळी काठावरच बसायच्या बेतात होती. तेवढ्यात पाणी कमी झालं.

“बघता बघता आटलं, बाई,” आई सांगायची. “पार ओघळ राह्यला. मंग मीच म्हणलं, इथं काठावर खडे टोचतेत, खाली पात्रात कशी सपाट जागा हाय. तिथं सतरंजी टाकली.”

ते पात्रात उतरून जेवले. आई आणि पप्पा आधी वर गाडीपाशी आले. वहिनीला लघवीला जायचं होतं. तीही वर येऊन गाडीच्या मागे जात होती, तर आईने तिला अडवलं. हा भाग आई जरा अभिमानानेच सांगायची. रस्त्यावर ड्रायव्हर, येणारेजाणारे, बाईमाणसाने तिथे बसायचं असतं का? नाल्याच्या पलीकडे झुडपं होती, तिकडे जा म्हणून तिनेच सांगितलं. पाणी आटलेलंच होतं, चपलासुद्धा भिजल्या नसत्या. वहिनी पात्र ओलांडून पलीकडच्या काठावर चढली. दादा मध्येच थांबला, तिच्याकडे पाठ करून, कुणी येऊ नये म्हणून. उभ्या उभ्या सतरंजीची घडी घालत होता.

मग वरून आवाज आला.

इथे आई थांबायची. समोरची बाई काहीतरी म्हणायची. बहुतेक जणी म्हणायच्या की भाग्य लागतं तिथे मरण यायला, देवाच्या दारात देह ठेवला. आई मान हलवायची. मग डोळे पुसून, स्वयंपाकघराकडे बघून, शेवटचं वाक्य बोलायची.

“देवानंच पाणी बाजूला केलं, वाट करून दिली अन् नेलं त्याला. पण निमित्त कोण झालं? हिला लघवी लागली नसती, तर माझं लेकरू गाडीत बसलं होतं.”

हे ऐकताना मी रडत नसे. त्यावरही मावशीने एकदा सगळ्यांसमोर म्हणून घेतलं, “हिला रडायलाबी इंग्रजी लागतंय वाटतं.” बायका हसल्या, मीही थोडी हसले. मला तसं करायची सवय आहे.

आई ‘पाणी आटलं’ म्हणायची तेव्हा माझे हात थांबायचे. पहिल्यांदा हे ऐकलं त्या दिवशी माझ्या हातातली बशी ओट्याच्या कडेला आपटली आणि टवका उडाला. ती बशी अजून आहे.

आमच्याकडे पाणी आटतंच. नदी म्हणजे वर्षातले कितीतरी महिने नुसती रुंद वाट. कुंडलिकेच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळतात. दुधनेच्या वाळूत लोक टरबुजं लावतात. आमच्या घरात तर रीतच होती की प्रवासात शिदोरी सोडायची ती रस्त्याच्या कडेला नाही, पात्रात उतरून. येणाऱ्याजाणाऱ्याची नजर लागत नाही आणि हात धुवायला डबकं तरी असतं. राजूरच्या गणपतीला जाताना, जांब समर्थला जाताना, आम्ही असंच जेवत आलो. सतरंजी आईच्या ताब्यात असायची. निळ्यालाल पट्ट्यांची, एका कोपऱ्यात जळलेली. जागा आईच निवडायची, दगड पायाने बाजूला सारायची, मग ती अंथरायची, आणि आम्ही चपला काढून बसायचो. पाणी आटलेलं पाहून जालन्याचा माणूस घाबरत नाही. तो सतरंजी काढतो.

डोंगरात हे उलटं आहे. वर पाऊस असताना खालच्या नाल्याचं पाणी एकाएकी कमी झालं, तर ते आटलेलं नसतं. वर कुठेतरी कडा ढासळून नाला बुजलेला असतो आणि त्याच्यामागे पाणी साठत असतं. तो बांध फुटला की जे येतं त्याला पूर म्हणता येत नाही. दगड, माती, झाडं एकत्र कालवलेला तो रबडा असतो, ओल्या काँक्रीटसारखा, मोटारीएवढे धोंडे पुढच्या तोंडावर घेऊन येणारा. वर्तमानपत्रात ‘दरड कोसळली’ एवढंच आलं होतं. आवाज ऐकू आल्यावर पळायला वेळ उरत नाही. जो काही वेळ मिळतो, तो पाणी कमी झाल्यापासून मोजायचा असतो. आणि आईला आवडलेली ती सपाट जागा आधीच्या अशाच लोंढ्यांनी आणून टाकलेली होती. म्हणूनच ती सपाट होती.

हे मला पहिल्याच दिवशी कळलं आणि मी कुणाला सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे काय, याचा मी खूप विचार केला. चूक म्हणावी तर ती चूक आमच्या गल्लीतल्या कुणीही केली असती. मी हा विषय शिकले नसते तर मीही त्या सतरंजीवर बसून दशमी खाल्ली असती. पण वहिनीवरून हा दोष उचलायचा, तर तो हवेत ठेवता येणार नव्हता. कुणाच्या तरी अंगावर टाकावा लागणार होता, आणि ते अंग कुणाचं, हे आई स्वतःच्या तोंडाने रोज सांगत होती. तिला फक्त ते ऐकू येत नव्हतं.

शेजारच्या चाची एकदा बसायला आल्या होत्या. त्यांचं आमचं भिंतीला भिंत लागून घर, ईदेला शीरखुर्मा यायचा, आमच्याकडून दिवाळीचा फराळ जायचा. त्यांनीही ती गोष्ट शेवटपर्यंत ऐकली. शेवटचं वाक्य झाल्यावर बाकीच्या बायका उसासे टाकत होत्या. चाची गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि म्हणाल्या, “पिशाब तो सबकूच आती, बाजी.”

त्यानंतर आईने त्यांना कधी हाक मारली नाही. पुढच्या ईदेला आलेला शीरखुर्मा झाकणासकट तसाच राहिला आणि दुसऱ्या दिवशी मावशीने तो बाहेरच्या गाईला घातला.

उन्हाळा आला तेव्हा वहिनीचे ओठ फुटले होते. मला वाटलं उन्हाने. मग मी बघायला लागले. ती सकाळी आंघोळीला जाताना एकदा जायची आणि नंतर दिवसभर जायची नाही. जेवताना घोट घ्यायची, तोही सगळे उठून गेल्यावर. कूलरमध्ये पाणी ओतताना तिचे डोळे बादलीकडे लागलेले असायचे. शेवटी तिला ताप भरला, कमरेत कळा येऊ लागल्या, आणि मी तिला स्कूटरवर बसवून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तिच्यावर ओरडल्या. एवढ्या शिकलेल्या बाईने पाणी पिऊ नये म्हणजे काय? वहिनी मान खाली घालून ऐकत होती. घरी येऊन मी आईला सांगितलं की तिने दिवसभर पाणी प्यायला पाहिजे, भरपूर.

“पेऊ दे की,” आई म्हणाली. “कोण न्हाई म्हणतंय? पेऊन पेऊन मंग परत जाणंच.”

त्या दिवशी दवाखान्यातून येताना, मोती तलावाच्या बाजूला, वहिनीने मला स्कूटर थांबवायला सांगितलं होतं. तिने मागेच बसून, माझ्या पाठीशी बोलावं तसं सांगितलं. समोरासमोर तिला ते जमलं नसतं आणि मलाही ऐकवलं नसतं.

ती म्हणाली की ती पलीकडच्या काठावर होती, उंचावर. तिला आधी वास आला, खणलेल्या मातीसारखा. मग तिने वर पाहिलं तर नाल्याच्या वळणावर झाडं उभी हलत होती. तिने दादाला हाक मारली. दादाने न वळताच हात वर केला, म्हणजे आहे मी, थांबलोय. एका हातात सतरंजी होती.

“मीच त्यांना सांगितलं होतं, वळू नका म्हणून,” वहिनी म्हणाली.

नंतर ती म्हणाली, “ताई, मला अंकुशनगरला जायचंय. या घरातलं मला काही नको. एक भांडंसुद्धा नको. फक्त पोरगी द्या म्हणावं.”

अंकुशनगरला तिचं माहेर. तिचे वडील तिकडे साखर कारखान्यात फिटर, राहणं कारखान्याच्या वसाहतीत. तिने जाण्याला घरात कुणाचीच हरकत नव्हती, उलट वाट बघत होते. पण मुलगी द्यायची नाही, हे आई आणि मावशीने दादाच्या तेराव्यालाच ठरवून टाकलं होतं. पोरगी म्हणजे दादाची राहिलेली खूण. तिला आत्याच्या शाळेत घालायची, इंग्रजी शाळेत. ऊसतोडीच्या धुरळ्यात कशाला न्यायची? माझ्या शाळेचं नाव प्रत्येक वेळी पुढे केलं जायचं, आणि मी तिथेच उभी असायचे.

मी पप्पांना सांगितलं. संध्याकाळी ते अंगणात नळीने झाडांना पाणी घालत होते. मी जमेल तितक्या साध्या शब्दांत सांगितलं, पाणी का कमी झालं असेल, ती जागा सपाट का होती. पप्पांची सगळी नोकरी बियाण्यांच्या कंपनीत गेली. जमीन त्यांना कळते. मी अर्ध्यावर असतानाच त्यांना समजलं, हे मला दिसलं, कारण त्यांनी नळी एकाच रोपावर धरून ठेवली आणि आळं भरून पाणी वाहू लागलं.

“म्हणजे आपण जेवत होतो तवा...” ते म्हणाले आणि थांबले. मग नळ बंद करून आले. “हे आईपुढं बोलू नको. मरंल ती.”

वहिनीचं काय, असं मी विचारलं नाही. त्यांनीही तो विषय काढला नाही. त्या दिवसापासून आई गोष्ट सांगायला लागली की पप्पा उठून अंगणात जायचे. एवढाच फरक पडला.

मुलगी चार वर्षांची होती. त्या वयात पोरं कुणाचंही ऐकून बोलतात. एक दिवस वहिनी भाजी निवडता निवडता उठली, आणि आजीच्या मांडीवर बसलेली ही हुबेहूब आजीच्या आवाजात म्हणाली, “परत चालली बघ.”

आई हसली. दादा गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली होती, पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पप्पांनीही पेपर खाली करून तिच्याकडे पाहिलं, आणि मला दिसलं की त्यांना ते हसणं हवं होतं. म्हणून मुलीला कुणी रागावलं नाही. उलट मावशीने तिच्या गालाचा पापा घेतला. मग ती ते रोजच म्हणायला लागली. कुणी आलं की मावशी तिला विचारायची, आई कुठं चालली गं? आणि ती मान वाकडी करून म्हणायची. वहिनीने तिला एकदाही मारलं नाही. ती फक्त आणखी कमी उठायला लागली.

वर्ष सरलं. वर्षश्राद्ध झालं, आणि मावंद्याचा विषय निघाला. यात्रेहून आणलेल्या गंगेची पूजा करायची आणि लोकांना जेवू घालायचं, त्याशिवाय यात्रा देवाच्या पदरात पडत नाही. आमची गंगा वर्षभर देवघरात तशीच होती. तांब्याचे सीलबंद छोटे गडू, आणि एक प्लास्टिकचा कॅन, जो दादाने स्वतः नदीत उतरून भरला होता. आई म्हणाली, त्याच्या हातची गंगा आहे, ती अशी ठेवता येत नाही. मावंदं करायचंच. त्याच दिवशी वहिनीच्या वडिलांना बोलवायचं, म्हणजे चार माणसांत काय ते बोलणं होऊन जाईल आणि ते तिला घेऊन जातील.

सकाळपासून घर भरलं. पूजेला मावशी आणि तिचे यजमान बसले. वहिनीला स्वयंपाकघरातच राहायला सांगितलं होतं, समोर येऊ नको म्हणून. तिथूनच ती पुऱ्या लाटून देत होती. तीर्थ वाटायचं काम माझ्याकडे आलं, कारण त्यात बोलावं लागत नाही. आईने कॅनमधलं पाणी वरच्यावर पितळी पातेल्यात ओतून घेतलं. तळाला राखाडी गाळ बसला होता. मी कॅन धुवायला मोरीत नेला तेव्हा सवयीने तो गाळ दोन बोटांत चोळून पाहिला. पिठासारखा मऊ होता, आणि बोटांवर अभ्रक चमकत राहिलं. वाळल्यावरही ते निघालं नाही. मी तशाच हाताने पळी धरली.

वहिनीचे वडील उशिरा आले. एसटीने आले असावेत, शर्ट पाठीला चिकटला होता. ते दाराजवळ, चपलांच्या बाजूला बसले. कुणी आत या म्हणालं तेव्हा बरं आहे इथंच म्हणाले. जेवणं झाली. पानं उचलली गेली. बायका भिंतीला टेकून बसल्या, आणि मावशीने बोलायला सुरुवात केली.

ती गोड बोलत होती. पोर तुमचीच हाय, घेऊन जावा. तिचं वय काय, तिनं इथं बसून तरी काय करायचं. पण लेकरू इथं राहील. शाळा बघितली, आत्याचीच शाळा, खर्चा सगळा आम्ही बघू. तुम्ही कवाबी येऊन भेटा.

वहिनीचे वडील म्हणाले, “लेकराला आई लागती, बाई.”

“लागती की,” मावशी म्हणाली. “म्हणून तर आज्जी हाय. आमचं एक गेलं तिच्यापायी. हे तरी राहू द्या.”

त्यांनी हात जोडले. त्यांनी पप्पांकडे पाहिलं. पप्पा पंख्याकडे बघत होते. मग त्यांचे हात जोडलेलेच राहिले, खाली कधी आणायचे हे जणू त्यांना कळत नव्हतं.

तेवढ्यात वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली. सकाळपासून ती शेगडीजवळ होती. बहुतेक आज जायचंच आहे म्हणून ती पोटभर पाणी प्यायली असेल. न्हाणीघराकडे जायला बैठकीतूनच वाट होती, सगळ्यांच्या मधून. ती भिंत धरून जात होती. मावशीने आजीच्या मांडीवरच्या मुलीला बोटाने डिवचलं.

“आई कुठं चालली गं?”

मुलीने मान वाकडी केली. “परत चालली बघ.”

सगळे हसले. ज्यांना माहीत होतं ते हसले आणि ज्यांना माहीत नव्हतं तेही लेकराचं नवल म्हणून हसले. आई हसली. मुलीने वर बघून आजीचं हसणं पाहिलं आणि पुन्हा म्हणाली. न्हाणीघराच्या दारात वहिनीचा हात कडीवर होता. तिने तो काढला. आत न जाता ती तशीच मागे आली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, पाय जुळवून बसली. तिच्या वडिलांनी जोडलेले हात खाली घेतले आणि ते चपलांकडे बघायला लागले.

माझ्या हातात पळी होती. उशिरा आलेल्या कुणाला तरी तीर्थ द्यायचं राहिलं होतं.

“पाणी आटलं नव्हतं, आई,” मी म्हणाले.

ते कुणाला ऐकू गेलं नसावं. मावशी म्हणाली, “काय म्हणली गं? जरा मोठ्यानं बोल, आम्हाला तुझ्यासारखं हळू ऐकू येत न्हाई.” त्यावरही कुणीतरी हसलं. पप्पा पंख्याकडे बघायचे थांबले होते. ते माझ्याकडे बघून अगदी थोडी मान हलवत होते, नको म्हणून.

मी पळी पातेल्यात ठेवली. आईकडे बघितलं, तिच्या मांडीवरच्या मुलीकडे नाही.

“पाणी वर अडलं होतं. पाणी कमी होतं, ते येणार असतं म्हणूनच. वहिनी गाडीत बसून राहिली असती तरी ते येणारच होतं. पलीकडं जा असं तूच तिला म्हणालीस, आणि दादा सतरंजीची घडी घालत होता. सतरंजी तू टाकली होतीस. आज वहिनी तिच्या पोरीला घेऊन जाईल, आई. नाहीतर यापुढे ही गोष्ट मी सांगीन, घरात येईल त्या प्रत्येकाला.”